भोवऱ्याला आठवत नाही

धाकट्या लेकाचं लग्न अंतराळस्थानकावर लागलं आणि आम्ही अंगणातून पडद्याकडे अक्षता टाकल्या, ते साल २०५८. त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाने, केरबाने, धरणाकाठी एक गोल इमारत बांधली. धरणात बुडालेल्या सहा गावांपैकी एक गाव रोज तिच्यात उभं राहायचं. खरी माती, सारवणाचा वास, गोठ्यातल्या घंटा, अंगाला लागणारा वारा. यंत्रमाणसांना गाव बदलायला फार वेळ लागे, म्हणून दिवसाला एकच.

पण कुठलं? भांडणं नकोत म्हणून केरबाने दाराशी माणसाएवढा सहा बाजूंचा लाकडी भोवरा ठेवला. सकाळी फिरवायचा. पडल्यावर जी बाजू वर, ते गाव.

आमचं गाव आंबेखोप काही येईना. एका सकाळी आम्ही भोवऱ्यापाशी उभे होतो; दुसऱ्या दिवशी केरबाचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी त्याला आपलं घर बघायचं होतं.

“आज नक्की!” माझी नात जुई म्हणाली. “इतके दिवस आलं नाही, आता आपलीच पाळी.”

मलाही तसंच वाटत होतं.

“पाळी कुणी लावली?” केरबा हसला. “काल काय पडलं ते लाकडाला आठवतं का? आजही संभाव्यता (घडण्याच्या शक्यतेचं माप) सहात एकच.”

“पण शेवटी सगळी गावं सारखी येतात, असं तुम्हीच म्हणालात! आठवत नाही, तर राहिलेलं भरून कसं काढतो?”

मी तर पुरती गोंधळले.

“वाटीभर दुधात चमचाभर पाणी घातलं तर कळतं. विहीरभर दुधात?” केरबाने जुईला विचारलं.

“नाही कळणार.”

“मग ते पाणी कुणी काढून घेतलं का?”

“नाही... आहे तिथेच आहे.”

“तसंच. तूट कुणी भरून देत नाही. फेऱ्या वाढत जातात, तूट त्यात दिसेनाशी होते.”

“पण आजोबा, तेवढ्या फेऱ्या तुमच्याकडे कुठे आहेत?”

“नाहीत गं.”

“मग आंबेखोपच्या समोरच्या बाजूला शिसं चिकटवू. जड बाजू खाली जाईल.”

“आणि ती तळेखांब गावची म्हातारी रोज येऊन बसते, तिला काय सांगू?”

भोवरा फिरला, डुलला, पडला. तळेखांब.

“आलं गं बाई माझं!” म्हातारी ओरडली. जुईचे डोळे भरले. केरबा तिचा हात धरून आत गेला.

“आंबेखोपचा ना रे तू?” म्हातारीने विचारलं. “आमच्या चिंचा चोरायचास!”

“झाड दाखव, अजून चोरतो,” केरबा म्हणाला, आणि तिच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसला.

परतताना जुई म्हणाली, “मी मोठी झाले की सहाही गावं एकदम उभी राहतील अशी इमारत बांधीन.”

“बांध. यंत्रमाणसं जास्त लागतील.”

केरबा दुसऱ्या दिवशी, १४ नोव्हेंबर २०५८ रोजी, ऑपरेशन चालू असताना वारला.