चित्र नसलेला फ्यूज

चाकी : बंद

त्या गॅरेजमध्ये कुठल्याही अवजाराला हातातून पडायची परवानगी होती. पाने पडत, पक्कड पडे. एकदा जॅक पडून फरशीचा टवका उडाला, तरी कोणी चकार शब्द काढला नाही. पिवळ्या रबरी कवचातला, वीज मोजायचा मीटर मात्र पडता कामा नये. तो उस्तादचा होता.

उस्ताद म्हणजे सुनेची सासू. नवऱ्यामागे तिने हे गॅरेज एकटीने चालवलं, गाड्यांच्या वायरिंगचं सगळं काम स्वतः केलं आणि सून घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात मीटर दिला. सोबत दोन नियमही दिले. काम झालं की चाकी 'बंद'वर आणायची, नाहीतर मीटर स्वतःचाच सेल खात बसतो. आणि अँपिअर मोजून झाले की लाल वायर अँपिअरच्या भोकातून काढून लगेच व्होल्टच्या भोकात घालायची, नाहीतर मीटरच्या आतला फ्यूज उडतो. "ही वायर विसरलीस तर मला तोंड दाखवू नकोस," उस्ताद म्हणाली होती. सून तेव्हा हसली होती. उस्ताद हसली नव्हती.

आता उस्ताद गॅरेजच्या वरच्या खोलीत पडून होती. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि ते अशा आवाजात सांगितलं की नणंद त्याच दिवशी बॅग भरून राहायला आली. सुनेचा नवरा ट्रक घेऊन लांब गेला होता. तो परतेपर्यंत आईने टिकावं, एवढंच दोघींच्या मनात होतं.

सकाळी समोरचा बेकरीवाला आपली व्हॅन ढकलत आला.

"वहिनी, हिचं काहीतरी करा. रोज सकाळी चावी फिरवली की टक्. बस. पाव गार होतायत माझे."

"रात्री एखादा दिवा चालू राहतो का?"

"दोनदा बघून झोपतो हो. बायको म्हणते, माझ्याकडे इतक्यांदा वळून बघत नाही तुम्ही."

"कधीपासून होतंय?"

त्याने डोकं खाजवलं. "उस्तादांना घरी आणलंत ना, साधारण तेव्हापासून. अँब्युलन्सला जागा द्यायला गाडी इकडे घेतली, ती इथेच लावतोय. तुमच्या भिंतीला."

छताला एक चौकोनी झरोका होता. त्यातून वरचा आवाज खाली येई. कागद चुरगळावा तसा आवाज आला, "त्याला सांग, आधी धू म्हणावं गाडी."

"ऐकलं उस्ताद!" बेकरीवाला वर तोंड करून ओरडला आणि हातगाडी शोधायला निघून गेला.

सुनेने मोठा श्वास सोडला. टोमणा मारतायत म्हणजे आहेत.

चाकी : व्होल्ट

बॅटरी पार झोपलेली होती. तिने फळीवरची भरलेली बॅटरी जोडली. गाडी बंद असताना वीज कोण पितंय, ते आता शोधायचं होतं. त्यासाठी तिने लाल वायर अँपिअरच्या भोकात घातली. तेवढ्यात नणंदेने औषधाची बाटली विचारली, ती वर जाऊन आली, आणि आल्यावर वाटलं, ही बॅटरी नीट भरलीय ना, एकदा बघू.

चाकी व्होल्टवर होती. वायर अजून अँपिअरच्या भोकात.

टोकं लागताच चट्ट झालं. निळी ठिणगी. जळका वास.

झरोक्यातून : "उडवलास ना मीटरचा फ्यूज?"

"नाही हो आई!"

"वास येतोय मला."

"व्हॅनचा आहे तो. तुम्ही झोपा."

मीटरवर आकडे दिसत होते. तिने स्वतःला सांगितलं, वाचला. आजारी माणसाशी खोटं बोलल्यावर लगेच मीटर उघडून बघायची तिला हिंमत झाली नाही.

चाकी : अँपिअर

तिने बॅटरीची काळी केबल काढली आणि बॅटरी व केबल यांच्यामध्ये मीटर जोडला, म्हणजे गाडीत जाणारी सगळी वीज मीटरमधूनच जाणार. झोपलेल्या गाडीला घड्याळापुरती चिमूटभर वीज लागते. तेवढी दिसायला हवी होती.

०.३१
०.३८
०.४४
०.४५
०.४०
०.३३
०.३१

मग थोडा वेळ काही नाही.

०.३२
०.३९

गाडीतली चोरी अशी नसते. दिवा चालू राहिला तर आकडा एका जागी बसतो. हा आकडा भरत होता, ओसरत होता. तिने टोकं हलवून पाहिली, वायरी पिळून पाहिल्या. त्याने काही फरक पडला नाही.

तिने व्हॅनची फ्यूजपेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक फ्यूजचं चित्र असतं. तिने हॉर्नचा काढला, आकडा तसाच. परत बसवला. रेडिओ. वायपर. पुढचे दिवे. एकेक काढायचा, मीटरकडे बघायचं, परत बसवायचा.

कोपऱ्यात एक फ्यूज उरला. झाकणावर त्या जागी चित्रच नव्हतं.

तिने तो चिमट्यात धरून ओढला.

०.००

"सापडला!" ती ओरडली. "आई, सापडला चोर!"

वरून काही आलं नाही. एरवी आलं असतं. एवढा वेळ लागतो का, असं काहीतरी.

ती वाट बघत राहिली.

"वहिनी." नणंदेचा आवाज. मग मोठ्याने, "वहिनी, वर ये! आई श्वास घेत नाहीये गं!"

सून जिन्याकडे वळली. फ्यूज चिमट्यातच होता. तिने मीटरकडे पाहिलं.

०.००

जिना की पेटी?

असा विचार करणंसुद्धा वेडेपणा होता.

ती पेटीकडे धावली.

फ्यूज जागेवर बसेना. तिरका गेला. पुन्हा. अंगठ्याने दाबला.

०.००

०.००

०.०६

०.१४

वर कोणीतरी खोकलं.

"आला!" नणंद रडत होती. "आला गं श्वास. आला."

सून व्हॅनच्या दारापाशी खालीच बसली. फरशी गार होती. तिला ती फार बरी वाटली.

वर गेली तेव्हा उस्तादने डोळे उघडले होते. तिने सुनेकडे बराच वेळ पाहिलं.

"लाइट गेली होती का गं मघाशी?"

"नाही आई. दिवस आहे."

"हं," उस्ताद म्हणाली आणि कुशीवर वळली.

चाकी : बीप

दुपारी तिने आधी काळी केबल बॅटरीला परत जोडली, मग मीटर सोडवून त्याच्या पाठचे स्क्रू काढले. आतला फ्यूज काळा पडला होता. दुसरा मीटर घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना लावला. धड असता तर बीप वाजला असता. वाजला नाही. म्हणजे सकाळपासून या मीटरमधून काहीच जात नव्हतं. तुटलेल्या पुलावरून कोणी ये-जा केली होती आणि तिने ती मोजली होती.

तिने नवा फ्यूज घातला आणि पुन्हा व्हॅनला जोडला. ०.०३. घड्याळापुरती वीज. आकडा ढिम्म हलेना. गाडीत काही दोष नव्हता.

मग तिने जळका फ्यूज परत घातला.

०.३४
०.४१
०.४६

तो कोपऱ्यातला फ्यूज मात्र तिने पुन्हा काढून पाहिला नाही. तुम्ही काढला असता?

संध्याकाळी बेकरीवाला आला. "झाली का हो बरी?"

"नाही. भारी फॉल्ट आहे. राहू दे काही दिवस इथेच. तोवर आमची गाडी घेऊन जा."

"तुमची? उस्ताद शेजाऱ्याला पाना देत नाहीत, आणि गाडी?"

"त्या झोपल्यात. न्या लवकर."

असे दिवस गेले. सकाळी व्हॅनची बॅटरी रिकामी असायची. सून ती उतरवून भरलेली चढवायची, आणि ते करतानाही गाडीला वीज तुटू नये म्हणून तिसरी बॅटरी बाजूने जोडून ठेवायची. जळक्या फ्यूजचा मीटर खिळ्याला टांगलेला असे. दुसऱ्या गाड्यांखाली झोपून काम करताना ती अधूनमधून मान वळवून बघे. ०.५०. ०.५८. ०.६६. आकडा रोज वाढत होता. वरून येणारे टोमणेही.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी छातीला दोनदा नळी लावली, खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा लावली. "चांगलंच आहे की," ते म्हणाले, थोडे हिरमुसल्यासारखे. नणंदेने बॅग भरली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा आईच त्याच्याशी बोलली, आणि रागावली.

मग एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. उस्ताद एकटी, कठड्याला हात न लावता खाली आली होती. सून गाडीखालून बाहेर येईपर्यंत तिने मीटर खिळ्यावरून काढून त्याची पाठ उघडलीसुद्धा.

"जळका फ्यूज! जळका फ्यूज घालून मोजतेस? हेच शिकवलं मी?"

"आई, राहू द्या तो—"

"काय राहू द्या! आणि हा बिनचित्राचा फ्यूज कशाला इथे?" ती व्हॅनच्या पेटीवर वाकली. "या घराला तर मागून एकही वायर जोडलेली नाही."

"आई, नको!"

उस्तादने दोन नखांत धरून तो उपटला.

सून जिथे होती तिथेच थांबली. बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

उस्ताद उभी होती.

श्वास घेत होती.

"तोंड मिट. माशी जाईल," उस्ताद म्हणाली.

सून हसायला लागली. हसता हसता रडली, सासूला मिठी मारली, ग्रीसचे हात तिच्या पांढऱ्या शालीला लागले आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. बेकरीवाल्याला हाक गेली : घेऊन जा तुझी गाडी, बरी झाली. तो किल्ली फिरवून गेला, एका फिरकीत. भिंतीलगतची जागा मोकळी झाली. किती दिवसांनी तिथे ऊन पडलं होतं.

उस्ताद स्टुलावर बसून मीटरच्या वायरींचा गुंता सोडवत होती. नवा फ्यूज घातला होता. लाल वायर व्होल्टच्या भोकात, चाकी व्होल्टवर. एका हाताच्या चिमटीत लाल टोक, दुसऱ्यात काळं.

माणसाने टोकं अशी धरली तर मीटर काही दाखवत नाही. फार तर शेवटचा अंक लुकलुकतो.

१२.६

भरलेल्या बॅटरीचा आकडा, आणि तो उस्तादच्या दोन हातांमधून येत होता.

"काय बघतेस?" उस्तादने विचारलं.

"काही नाही आई."

आणि खरंच, सुनेला हायसं वाटलं. त्यातला एकही अंक हलत नव्हता.