इंदूचा निशिगंध

निशिगंधाचा गड्डा दोन-तीन वर्षांनी उकरून कंद वेगळे लावावे लागतात. नाहीतर दाटी होऊन दांडाच धरत नाही. साधं काम. त्र्याहत्तरच्या चैत्रात, भिंगारच्या क्वार्टरच्या परसात, मी वाळकी पात काढत बसले होते. आळं माझ्या धाकट्या जावेनं, इंदूनं लावलेलं. ती दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट. रात्री कळा सुरू झाल्या, तरी भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना आणायला सकाळ उजाडू दिली. तिची विजया तेव्हापासून माझ्यापाशी. माझ्या सोळा सोमवारांचं फळ देवानं असं दिलं, असं मी मानत आले.

त्या भर दुपारी मार्तंडभाऊजी जामखेडहून पोरीला न्यायला आले. नव्या बायकोला मूल झालं होतं. पाळणा हलवायला कुणीतरी हवं होतं.

"सहा वर्षांची आहे हो ती, भाऊजी."

"मग? तुम्हीच बघा की, वहिनी." आळ्याकडे बोट करून ते हसले. "पिल्लं आईपासून तोडली तरच फुलतात ना? काढा आत्ताच. चार कंद मलाही द्या."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गड्डा हलवायच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात हळदकुंकू वाहून सांगतात, 'उद्या उठवते हं.' ते सांगायचं अजून राहिलं होतं. मी तसं म्हणाले.

"झाडाची परवानगी!" ते म्हणाले. "झुंबरबाई, घाला कुदळ."

आमच्या कामवाल्या झुंबरबाईंनी चारी बाजूंनी उकरलं. गड्डा हलेना.

"न्हाई निघत, दादा. आतून कुनी धरलंय जनू."

"सरका!" म्हणत भाऊजींनी स्वतःच खड्ड्यात हात घातला.

दुष्काळाचं वर्ष, विहिरी आटलेल्या. पण खड्ड्यातून ओल वर आली. वासही आला... निशिगंधाचा नव्हे. ओवा-शेपांच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीतला.

भाऊजी हात मागे ओढू लागले.

"वहिनी... माझं मनगट..."

"काय झालं?"

"कुणीतरी... ओढतंय..."

खांद्यापर्यंत हात आत गेला. गाल मातीला टेकला. झुंबरबाई कुदळ टाकून देवाचं नाव घेऊ लागल्या. मी घाबरायला हवं होतं. पण मला फक्त संताप येत होता, आणि तोच संताप जमिनीखालून माझ्या तळपायांना कळत होता.

"पोर कुठं राहील, भाऊजी?"

"तुमच्याकडं... इथंच..."

"मला नका सांगू. तिला सांगा."

त्यांनी मातीत तोंड घालून सांगितलं. गड्डा अलगद सुटला. मनगटावर पाच बोटं निळी उमटली होती. भाऊजी चपला विसरून अनवाणीच निघून गेले.

मी हळदकुंकू वाहिलं, कंद सोडवले, हातभर अंतरानं लावले. मन हलकं झालं. आता सगळं नीट होईल, असं वाटलं.

हात धुऊन आत गेले. विजया गाढ झोपली होती. सकाळी न्हाऊ घालून तिचे केस मी मोकळेच ठेवले होते. आता त्यांची वेणी होती. घट्ट, कपाळाची कातडी ताणेल इतकी घट्ट. भांगात ओली माती. आणि टोकाला फितीऐवजी निशिगंधाचं एक लांब, ओलं मूळ बांधलेलं.

ती गाठ मला सुटेना.