पिकअपच्या दाराला लावलेली बेल

ही गोष्ट मी आजवर फक्त तीन माणसांना सांगितली आहे. तिघांनीही ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. पण मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

२००७ चा नोव्हेंबर. दिवाळी होऊन दहाएक दिवस झाले होते. आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चाळीत राहायचो. तळमजल्यावरची एकच खोली. मी, मिस्टर आणि आमची सलोनी. ती तेव्हा दुसरीत होती.

मिस्टर हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होते. गाळा बंद पडला. मग हातात आलं तेवढं आणि माझ्या बांगड्या मोडून आलेले पैसे घालून त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. थर्ड हँड. आधीचे मालक कोण, हे विकून देणाऱ्या एजंटलाही नीट सांगता येत नव्हतं. तिच्यातून ते गाळ्यांचा माल भिवंडी, वसई, वाड्याला पोचवायचे. आमचं घर त्या गाडीवर चालायचं.

आणि त्याच महिन्यात आमच्या भागातून दोन पिकअप चोरीला गेल्या.

मेकॅनिक मिस्टरांना म्हणाला, "उत्तमभाऊ, जुन्याच गाड्या उचलतात. दोन दिवसांत सुट्टे पार्ट करून विकतात. तुमच्या गाडीचं दार तर चमच्यानेपण उघडेल."

मिस्टर दुकानात जाऊन सायरनचा भाव विचारून आले. आमच्या ऐपतीबाहेरचा होता.

मग त्यांनी जमेल ते केलं. भंगारातून जाड साखळी आणली. स्टिअरिंग आणि क्लचच्या पॅडलमधून ओवून तिला मोठं कुलूप लावलं. सीटखाली चोरस्विच बसवला. तो दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नव्हती. गाडी ते आमच्या मागच्या खिडकीला अगदी चिकटून लावायचे.

तरी झोप नाही ती नाहीच. दर तासाला उठायचे. बाहेर जाऊन कुलूप हलवून बघायचे. परत यायचे. पुन्हा उठायचे.

एकदा काशिमिऱ्याच्या सिग्नलला भर दुपारी स्टिअरिंगवरच डोळा लागला त्यांचा. मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. त्या दिवशी मी रडले.

मिस्टरांच्या जुन्या गाळ्यातला पराग वायरिंगची कामं करायचा. त्याने उपाय काढला.

"वहिनी, फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो ना? तसलं बटण गाडीच्या दोन्ही दारांना लावतो. तिथून वायर खिडकीतून आत, तुमच्या भिंतीवर सेलची बेल. दार उघडलं की वाजली. जोपर्यंत उघडं, तोपर्यंत वाजणार. बंद केलं की गप्प."

खिडकीपाशी त्याने वायर जोडायची एक पिन ठेवली. सकाळी गाडी काढताना पिन उपसायची, रात्री आल्यावर परत लावायची.

पहिले तीन दिवस मिस्टर मेल्यासारखे झोपले. कितीतरी दिवसांनी.

चौथ्या रात्री बेल वाजली.

टिर्रर्र... आणि बंद.

मिस्टर लोखंडी पाइप घेऊन धावले. मी खिडकीतून टॉर्च मारला.

रस्त्यावर कुणी नव्हतं. दोन्ही दारं बंद होती. साखळी जागेवर. कुलूप जागेवर.

"काही नाही गं. वायर हलली असेल."

आम्ही आडवे झालो. उजाडायच्या थोडं आधी परत...

टिर्रर्र. आणि बंद.

दुसऱ्या दिवशी पराग आला. बटणं काढून बघितली, नवीन लावली. म्हणाला, "लूज कॉन्टॅक्ट असणार. आता नाही वाजणार."

त्या रात्री पुन्हा वाजली. दोनदाच. पहिली दोनच्या सुमाराला. दुसरी पहाटे.

त्याच्या पुढच्या रात्रीही तसंच.

मिस्टर चिडायला लागले होते. मी मात्र अंथरुणात पडून दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. बेल किती वेळ वाजते? तीन सेकंद. जेमतेम चार.

गाडीचं दार उघडून, आत बसून, दार ओढून घ्यायला... तेवढाच वेळ लागतो.

आणि उतरायलाही तेवढाच.

सकाळी मी कपडा घेऊन गाडी पुसायला गेले. मिस्टरांच्या बाजूची काच कोरडी होती. डाव्या बाजूच्या काचेवर धुकं होतं.

बाहेरून पुसलं. गेलं नाही.

धुकं आतून होतं.

मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "थंडी पडायला लागलीय. काचेवर वाफ धरते." मग एकाच काचेवर का, हे मी विचारलं नाही. त्यांचे डोळे आधीच तारवटलेले होते.

शनिवारी रात्री बेल वाजली आणि थांबलीच नाही.

मिस्टर बाहेर पळाले. त्यांच्या मागोमाग शेजारचे गुणवंतभाऊ. गाडीचं उजवं दार सताड उघडं. साखळी कापून खाली पडलेली. एक माणूस खाडीच्या दिशेने पळताना दिसला.

दुसरा पळालाच नाही.

चाळिशीचा असेल. पुढच्या चाकापाशी मातीत बसला होता. हातातली कटर तशीच. गुणवंतभाऊंनी त्याची कॉलर धरली तरी तो हलला नाही. उलट आमच्यावरच चिडला.

"पहले बोलना चाहिए ना! आदमी को अंदर सुलाके रखते हो!"

"कौन आदमी?" मिस्टरांनी विचारलं.

"वो बुढ्ढा! बाजू की सीट पे! मेरा हाथ पकड़ लिया उसने..."

तो सारखं मनगट चोळत होता. जसं बर्फाला हात लागल्यावर चोळतात.

मिस्टरांनी टॉर्च आत मारला. सीट रिकामी. पण डाव्या बाजूचं रेक्झिन खोलगट दबलेलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर आलं. जुन्या सीटचं कुणी उठून गेल्यावर येतं तसं.

गुणवंतभाऊ म्हणाले, "मी काय बघितलं नाय." आणि पोलीस येईपर्यंत गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

त्या माणसाला पोलीस घेऊन गेले. हवालदार जाताना म्हणाला, "बरं झालं चोरस्विच लावलात. नाहीतर गेली होती गाडी."

सकाळी मिस्टर एकदम मोकळे झाले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "सुलू, काय असेल ते असू दे. फुकटचा वॉचमन मिळाला! बस बाबा तू, आरामात बस."

"अहो, असं बोलू नका."

"का? गाडी वाचवली ना त्याने?"

मला ते आवडलं नाही. बोलावणं दिल्यासारखं वाटलं.

त्या रात्री, म्हणजे रविवारी, दोन वाजता बेल वाजली. टिर्रर्र... बंद.

मिस्टरांनी कूसही बदलली नाही. ते निवांत झोपले होते. मी जागी होते. दुसऱ्या बेलची वाट बघत होते.

तीन वाजले.

चार वाजले.

कोंबडा आरवला. दूधवाल्याची सायकल गेली.

दुसरी बेल वाजलीच नाही.

साडेपाचला मिस्टर आधी भिवंडीला आणि मग वाड्याला माल द्यायला निघाले. मी दारात अडवलं.

"आज एकच वाजली. अहो, तो चढलाय. उतरला नाही."

"सुलू, झोप जरा. डोळे बघ तुझे." त्यांनी पिन उपसली. वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली. आणि गेले.

गाडी वळणावर गेली तेव्हा मी बघितलं... ती डाव्या बाजूला किंचित कललेली होती.

सलोनीला शाळेत सोडून आले. भात टाकला. मन कशात लागेना. सव्वाअकराच्या सुमाराला मी तांदळाचा डबा जागेवर ठेवत होते.

आणि बेल वाजली.

भर दिवसा.

मी खिडकीकडे बघितलं. वायर गजाला गुंडाळलेली होती. पिन हवेत लोंबत होती. तिच्या पलीकडे काहीच नव्हतं. गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर लांब होती.

बेल थांबेना.

कुणीतरी कुठलंतरी दार उघडं धरून उभं होतं.

मी मोबाइल उचलला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"अहो, कुठे आहात?"

"वाड्याच्या अलीकडे. टपरीवर चहा पितोय. काय झालं?"

"गाडी?"

"समोर आहे की. दारं बंद आहेत. बेलचा आवाज कसा काय येतोय गं? पिन काढून आलोय मी."

"तेच तर... वाजतेय. थांबतच नाहीये."

त्यांच्या मागे टपरीवाल्याचा स्टोव्ह ऐकू येत होता. मग त्यांचा आवाज बदलला.

"सुलू... घरात कोण आलंय?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

"मग तुझ्याजवळ बोलतंय कोण?"

मी वळून बघितलं नाही. खरं सांगते, हिंमत झाली नाही. माझ्या डाव्या खांद्यापाशी गार लागत होतं. आणि ओल्या रेक्झिनचा, डिझेलचा वास येत होता.

"सुलू, बाहेर पड! आधी बाहेर पड!"

मी पळाले. दार तसंच उघडं टाकून.

मी उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं आणि बेल बंद झाली.

समोर सरूबाई मासळी साफ करत बसल्या होत्या. गावातल्याच, जुन्या. माझा चेहरा बघून उठल्या. "काय झाला गो? कोन हाय घरान?"

मी नुसतं आत बोट दाखवलं. त्या हातात कोयता घेऊन आत गेल्या. मोरी बघितली, पलंगाखाली बघितलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "कोनी न्हाय." मग थोडं थांबून, हळूच, "पन पोरी, आज आत जाव नको."

मिस्टर माल तसाच टाकून दुपारी परत आले. आल्या आल्या बेल भिंतीवरून उपटली. सेल काढले. मी विचारलं, "फोनवर काय ऐकलंत? काय बोलत होता तो?"

"नीट ऐकू नाही आलं."

खोटं बोलत होते. त्यांना खोटं बोलताना कान खाजवायची सवय आहे.

त्यानंतर गाडीत काहीच झालं नाही. काच कोरडी. सीट नीट. मिस्टर नवी साखळी लावायचे आणि ढाराढूर झोपायचे.

जागी मी असायचे. कारण आता मला घरात झोप येत नव्हती. रात्री भांड्यांच्या मांडणीपाशी कुणीतरी बसल्याचं वाटायचं. सलोनी एकदा झोपेत म्हणाली, "बाबा, त्यांना सरकायला सांगा ना."

दुसऱ्याच दिवशी मी मिस्टरांना म्हटलं, खोली बदला. त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही.

आठवड्यात हाटकेशकडे एक खोली मिळाली. सामान त्याच पिकअपमध्ये भरलं. सलोनीला गुणवंतभाऊ रिक्षाने घेऊन आले. मी पुढे, डाव्या सीटवर बसले. वाटेत मी सारखी दाराकडे सरकत होते. मधे भरपूर जागा होती. पण मी आपली अंग चोरून बसले होते.

नव्या चाळीसमोर गाडी थांबली. मी दार उघडून उतरले.

मिस्टर मागे जाऊन सामानाची दोरी सोडायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. "सुलू, ये ना. काय करतेयस?"

मी गाडीचं दार हाताने धरून उभी होते.

उघडं. बाजूला सरकून. म्हाताऱ्या माणसाला उतरायला वाट द्यावी तशी.

किती वेळ उभी होते, मला आठवत नाही.

मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी धावत येऊन माझा हात सोडवला आणि दार धाडकन लावलं.

त्या रात्री सलोनी झोपल्यावर मी परत विचारलं. या वेळी त्यांनी कान खाजवला नाही.

फोनवर एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला होता. अगदी साधा, अदबीचा. माझ्या तोंडाशी तोंड लावून बोलल्याइतका जवळून. तो मला एकच गोष्ट परत परत सांगत होता.

"ताई, जरा दार धरता का? मला तुमच्याबरोबर उतरायचंय."

ही गोष्ट त्यांनी मला त्या रात्रीपर्यंत सांगितली नव्हती. देवाशपथ सांगते. मला माहीतच नव्हती.

पिकअप आम्ही २०११ मध्ये विकली. चोरीला नाही गेली कधी.

त्या खोलीनंतरही आम्ही पुढे दोनदा घर बदललं. आता सलोनीची स्वतःची गाडी आहे. मला कुठे सोडायला आली की मी उतरते, पर्स सांभाळते, चालायला लागते.

मागून तिचा आवाज येतो.

"आई, दार लाव ना... दर वेळेस कुणासाठी उघडं ठेवतेस?"