तेराव्या दिवसाचे काप

नऊच्या ठोक्याला कापवाली आपल्या स्टुलावर बसायची. बावीस वर्षं तेच स्टूल आणि तेच यंत्र. खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, म्हणजे असून नसल्यासारखी. मेणाच्या ठोकळ्यात घट्ट बसवलेला उंदराचा गर्भ, वाटाण्याएवढा, यंत्राच्या तोंडात अडकवायचा आणि हँडल फिरवायचं. पात्यावरून मेणाची फीत सुटायची आणि तिच्यात एकामागे एक काप असायचे, केसाहून पातळ. ते कोमट पाण्यावर सोडून ब्रशच्या टोकानं काचपट्टीवर घ्यायचे. पट्टीच्या कडेला पेन्सिलीनं नंबर. शाई रंगाच्या पाण्यात धुऊन जाते, पेन्सिल टिकते.

काम कशाचं चाललंय हे तिला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. तिनं ते ऐकत ऐकत उचललं होतं. जनुक प्रत्येक पेशीत असतं, पण तोंड उघडतं ते आपल्या वेळेला, आपल्या जागी. जिथं ते बोलतं तिथं जांभळा रंग चढतो. तेराव्या दिवशी गर्भाचा मेंदू म्हणजे पाण्याचा फुगा, पातळ भिंत आणि आत पोकळी. पुढं रोज थर चढतात, आणि विसाव्या दिवसापर्यंत पिल्लू जन्मतं.

मॅडमच्या प्रयोगात काही गर्भांतून तपासायचं ते एक जनुक मुळातच काढून टाकलेलं होतं. त्यांच्या कापांवर रंग येता कामा नये. जे नाहीच, ते बोलणार कुठून? या कोऱ्या कापांवर मॅडमचा पेपर उभा होता. पेपरावर सात नावं होती. कापवालीचं नव्हतं. ज्याच्या बोटाला पातं लागतं त्याचं नाव पेपरावर येत नाही, ही जगाची रीत, आणि रीत हरामखोर असली तरी रीतच.

तिला नाव नकोच होतं. तिला हव्या होत्या संस्थेच्या आवारातल्या दोन खोल्या. नवरा गेल्यावर त्या नोकरीबरोबर तिच्याकडे राहिल्या होत्या, आणि आतल्या खोलीत नणंद चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. कंबरेखाली सगळं गेलेलं, जीभ मात्र शाबूत.

"वहिनी, आज किती डोकी उडवलीत?"

"चाळीस."

"मग माझा नंबर कधी लावताय?"

"तुमच्या डोक्यासाठी पातं अजून बनायचंय, वन्सं."

एवढंच त्यांचं हसणं. मग कूस बदलून द्यायची, पाठीला पावडर लावायची, दिवा मालवायचा.

त्या सोमवारी कोरे काप कोरेच होते. शुक्रवारी तिनं पट्ट्यांचा डबा उघडला तेव्हा ते जांभळे झाले होते. नुसता रंग नाही, भिंती जाड झाल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिनं थर मोजले. तेराव्या दिवशी जे नसतात ते थर होते.

मॅडमनं पाहिलं आणि खुर्ची मागं सारली. "बाई, तुम्ही पट्ट्या मिसळल्यात. हे सतराव्या दिवसाचे मेंदू आहेत. आंधळ्यालाही कळेल."

"कळतंय मॅडम. पण सतराव्या दिवसाचा एकही गर्भ या वर्षी इथं आलेला नाही. रजिस्टर बघा."

"रजिस्टर मला शिकवू नका. पुन्हा काप काढा. हे समोर बसतील."

हे म्हणजे चष्मेवाला. मॅडमच्या हाताखाली सहा वर्षं, मॅडम खोकली तर हा रुमाल काढणार. पण माणूस काटेकोर होता. तिनं काप काढले, नंबर त्यानं स्वतःच्या हातानं घातले, रंगवलेही त्यानंच. सगळे कोरे निघाले. डबा कपाटात ठेवून किल्ली त्यानं खिशात टाकली.

चार दिवसांनी दोघांनी मिळून कपाट उघडलं. तो बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होता. नंतर चष्मा पुसला आणि पुसतच राहिला.

"अक्षर तुमचंच आहे ना?" तिनं विचारलं.

"माझंच."

"मग मॅडमना सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. सांगितलं ते असं, की मी जेवायला गेलो होतो, तेवढ्यात बाईंनी काय केलं असेल ठाऊक नाही. महिनाअखेर नोकरी संपल्याचं पत्र तिसऱ्या दिवशी हातात पडलं. खोल्या त्याच तारखेला सोडायच्या. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

ती कामाला येत राहिली. रोज डबा उघडून बघायची. कुणालाच सांगायचं नसल्यामुळं कापांनाच सांगू लागली. वन्सं काय म्हणाल्या, जिन्यावरून वन्सना उतरवायचं कसं, उतरवून न्यायचं कुठं. आठवडाभर असं चाललं. मग एका सकाळी तिला मेंदूत खाली, बाजूला, एक नवा ठिपका दिसला. दोन्ही अंगांना, काचेखाली मसुराएवढा दिसणारा.

ती जागा तिनं शेकडो वेळा कापली होती. वाढलेल्या जनावरात हे जनुक मेंदूच्या त्याच भागात बोलतं, जो नुकताच कामाला लागलेला असतो. ही ऐकण्याची जागा होती. उंदरानं आवाज ऐकला असेल तरच ती रंगते.

त्या दिवसापासून ती खोलीत गप्प झाली.

बुधवारी मॅडमचा निरोप आला: दोन्ही डबे आजच जाळून टाका, सही आणा. मागच्या अंगणातल्या भट्टीवर एक म्हातारा होता, हातातल्या सळईइतकाच वाकलेला.

"आज काय आणलंत?"

"काच."

"काच जळत नाही, बाई. काचेवरचं जळतं." तो आपल्याच विनोदावर हसला.

डबे आत गेले. एक पट्टी तिनं खिशात ठेवली होती. दया आली म्हणून नव्हे. चष्मेवाल्याचं अक्षर त्या पट्टीवर होतं, आणि कुठं दाद मागायची झाली तर तो एवढाच पुरावा होता.

गुरुवारी तिनं ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ऐकण्याची जागा फिकी पडली होती. आत, खोल, बदामाच्या आकाराचा एक भाग गडद झाला होता. इतका गडद रंग तिनं बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

ती पट्टी घेऊन थेट मॅडमच्या खोलीत गेली. चष्मेवाला तिथंच होता. आधी त्यानं पाहिलं.

"हे भीतीचं केंद्र आहे," तो म्हणाला. "जिवंत जनावराला चटका दिला की असं येतं. पण हा तर..." आणि त्यानं पट्टीवरचं स्वतःचं अक्षर वाचलं.

मॅडमनं त्याला बाजूला केलं. डोळा लावला तो काढेचना.

"जनुक नसलेल्या गर्भात, इतकं स्वच्छ," ती हळूच म्हणाली. "पेपर गेला खड्ड्यात, हे त्याच्या दसपट आहे. बाई, काय केलंत तुम्ही?"

"मी काही नाही केलं. तुम्ही सांगितलंत तसं बाकीचे भट्टीत घातले."

मॅडमनं एकदाही विचारलं नाही की भट्टीचा याच्याशी काय संबंध. तिला कळलं होतं.

"तो ठोकळा शिल्लक आहे?"

"अर्धा."

"वीस पट्ट्या करा. वाढू द्या. एकोणीस घाला, एक ठेवा." मग तिनं टेबलावरची नोकरी संपल्याच्या पत्राची प्रत उचलून फाडली. "खोल्यांचं मी बघते."

कापवालीला आतली खोली आठवली, खाटेचा वाकलेला पाय आणि पावडरचा डबा.

"बरं," ती म्हणाली.

तिनं वीस काढल्या. दहा दिवस त्या खोलीत ती एक शब्द बोलली नाही. खोकला आला तरी बाहेर जायची. चपला दाराबाहेर काढायची. रोज बघायची: भिंती जाड झाल्या, थर चढले. ऐकण्याची जागा शेवटपर्यंत कोरी राहिली. तेवढंच तिच्या हातात होतं, आणि तेवढं तिनं केलं.

अकराव्या दिवशी सकाळी ती लवकर आली. भट्टीवाला अजून यायचा होता. अंगणातली राख गार होती. डबा तिनं अजून कपाटातून काढलाही नव्हता, नुसती वरची एक पट्टी उचलून काचेखाली धरली. मग दुसरी, मग तिसरी. विसावी पाहून झाली तेव्हा तिनं डोळा बाजूला घेतला.

विसांच्या विसांत बदाम जांभळा झाला होता.