नववं तिकीट

सोमवारी सकाळी साडेनऊला साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एका दवाखान्यातली नर्स होती.

"तुमच्या तापाच्या सिरपचं माहितीपत्रक माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "वर्षाच्या आतल्या बाळाला एका वेळी पंचवीस मिली द्या, असं छापलंय. पाजू का पंचवीस?"

साहेब खुर्चीतून उठलेच. "नाही! अडीच! दोन पॉइंट पाच!"

"मग तसं छापायचं ना. वरच्या नावापासून खाली 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा' या शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं मी. अडीच कुठेच नाही."

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद आपण न वाचता फेकून देतो, तो तयार करणारं हे ऑफिस. त्या नर्सने तो वाचला म्हणून निभावलं. दुपारपर्यंत सगळी खोकी परत मागवली गेली. एकाही बाळाच्या पोटात चुकीचा डोस गेला नव्हता.

मग सुरू झाला शोध, खापर फोडायला डोकं कुणाचं मिळतंय याचा. ते फार लांब नव्हतं.

माई या ऑफिसात सव्वीस वर्षं मजकूर तपासत होत्या. त्यांनी वाचल्याशिवाय एक ओळही छापखान्यात जायची नाही, असा नियमच होता. सिरपची अंतिम फाइल गुरुवारी त्यांच्याच लॅपटॉपवरून गेली होती. ती उघडून पाहिली तर तिच्यातही २५. मधलं टिंब गायब.

मंगळवारी मुख्य कार्यालयातून तपासणीसाठी बाई आल्या. दहापैकी नऊ गोष्टी त्या गाळून टाकतात आणि दहावी धरून बसतात, म्हणून सगळीकडे त्यांना चाळणीबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"तपासायला फारसं काही नाही," साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "माईंनी चूक कबूल केलीय. चार वाजता सही करतील आणि घरी जातील."

"घरी म्हणजे?"

"कायमच्या. निवृत्तीला दोन वर्षं होती. वाईट वाटतं हो, पण बाळांच्या जिवाशी खेळ म्हणजे..."

चाळणीबाईंनी कागद वाचला. 'माझ्या लॅपटॉपच्या टचपॅडला हाताचा धक्का लागून कर्सर सरकला व अनवधानाने टिंब पुसले गेले. सर्वस्वी जबाबदारी माझी आहे.'

"माईंनी लिहिलंय?"

"मजकूर त्यांच्या भाचीने करून दिला. ती इथेच आहे, पानांची मांडणी करते. बिचारी कालपासून मावशीजवळून हललेली नाही."

माई आपल्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शेजारी एक तिशीतली मुलगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. ही भाची. बहिणीच्या मुलीला माईंनीच चार वर्षांपूर्वी इथे लावलं, काम शिकवलं. ऑफिसातही सगळे तिला भाचीच म्हणत.

"हा टचपॅड काय प्रकार आहे?" चाळणीबाईंनी विचारलं.

माईंनी लॅपटॉप दाखवला. कीबोर्डखालच्या चौकोनावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने बसवला होता.

"टाइप करताना तळहात टेकला की कर्सर उडी मारून भलतीकडे जातो. वरच्या ओळीत लिहावं, तर अक्षरं खालच्या ओळीत. मी माउस वापरते, मला हा चौकोन नकोच आहे. बंद करून द्या म्हणून सात महिने मागे लागलेय. आपल्याला तो बंद करता येत नाही, अधिकार संगणक विभागाकडे. शेवटी पुठ्ठा लावला. तरी कधीकधी उडायचाच मेला."

"गुरुवारी उडाला?"

"उडताना पाहिला नाही. पण उडालाच असणार. नाहीतर टिंब जाईल कुठे?"

"असणार, असं तुम्हाला कधी वाटलं?"

माईंनी भाचीकडे पाहिलं. "हीच म्हणाली काल. मी तर वेडीपिशी झाले होते. म्हणाली, मावशी, तू नाही केलंस, त्या टचपॅडने केलं. तेवढाच जिवाला आधार वाटला."

भाचीचे डोळे भरून आले. "ती मुद्दाम का करेल, मॅडम?"

"मुद्दाम कुणी केलं असं मी म्हटलंच नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "तुम्ही जरा चहा घेऊन या. मावशींशी बोलू दे मला."

भाची गेली. माईंनी खणातून गुरुवारचा वाचनाचा कागद काढला. दोघींनी बसून वाचायची पद्धत होती. भाची मोठ्याने वाचणार, माई पेन्सिलने खुणा करणार. कागदावर दोनच दुरुस्त्या होत्या. '२५' मध्ये ठळक टिंब घातलं होतं. आणि तळाशी असलेल्या बाटली हलवायच्या ओळीपासून एक लांब बाण थेट वर डोसच्या आधी गेला होता.

"हा बाण?"

"आधी बाटली हलवायची, मग डोस मोजायचा. म्हणून ती ओळ वर घेतली."

"म्हणजे कच्च्या मजकुरात टिंब नव्हतंच. ते तुम्ही पकडलंत."

"पकडलं, आणि फाइलमध्ये घातलंसुद्धा. घातल्याचं चांगलं आठवतंय हो मला!" माईंचा आवाज फाटला. "अकरा वाजता दोन्ही दुरुस्त्या केल्या. अकरा बावीसला फाइल पाठवली. मधे दहा मिनिटं खाली गेले होते, संगणक विभागातल्या त्या तिकीट मास्तरशी भांडायला."

"लॅपटॉप उघडा ठेवून?"

"छे! कुलूप लावूनच उठते. पासवर्डशिवाय उघडत नाही."

"पासवर्ड कुणाला माहीत?"

माई ओशाळल्या. "दर महिन्याला नवा करायला लावतात. माझ्या लक्षात राहत नाही. भाची करून देते आणि या पुठ्ठ्याच्या मागे लिहून ठेवते. आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही."

चाळणीबाईंनी चिकटपट्टी सोडवून पुठ्ठा उचलला. मागे पेनाने पासवर्ड लिहिला होता. त्यांनी उघड्या चौकोनावरून बोट फिरवलं. दोनदा टिचकी मारली. मग अख्खा तळहात दाबून धरला.

पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

त्यांनी पुठ्ठा होता तसा बसवला आणि जिना उतरून खाली गेल्या.

संगणक विभागाचा माणूस तळमजल्यावर, दाराला 'तिकिटाशिवाय येऊ नये' अशी पाटी लावून बसत असे. तक्रारीची संगणकावर नोंद म्हणजे तिकीट; पंखा बंद पडला तरी हा म्हणणार, तिकीट टाका. म्हणून तो तिकीट मास्तर. तक्रार ऐकण्यापेक्षा ती मिटवण्यात त्याचा हातखंडा होता.

"माईंच्या तक्रारी दाखवा."

त्याने यादी काढली. सात महिन्यांत नऊ तिकिटं. नऊच्या नऊ बंद. प्रत्येकासमोर शेरा: 'काम पूर्ण'.

"पहिल्या तिकिटावर काय काम केलंत?"

"लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं."

"चौथ्यावर?"

"त्या जागेवर नव्हत्या."

"सातव्यावर?"

"दोन दिवसांत तक्रारदाराचं उत्तर आलं नाही की तिकीट आपोआप बंद होतं."

"उत्तर कसं यावं? तुम्ही प्रश्न काय विचारला होतात?"

तिकीट मास्तर छताकडे पाहू लागला.

"आणि नववं?"

"ते खरंच केलं," तो घाईने म्हणाला. "बुधवारी संध्याकाळी सहाला. कंटाळलो हो त्यांच्या कटकटीला. इथूनच त्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरलो, टचपॅड बंद केला, दोन मिनिटांत बाहेर. ही बघा नोंद."

"त्याआधी किंवा नंतर कधी शिरलात?"

"कधीच नाही. प्रत्येक वेळ इथे उमटते, मला पुसता येत नाही."

चाळणीबाईंनी नोंद पाहिली. बुधवार, सहा वाजून पाच मिनिटं. बस्स, एकच.

"टचपॅड बंद केल्याचं माईंना सांगितलंत?"

"तिकिटावर लिहिलं ना, 'काम पूर्ण'."

"आधीच्या आठांवरही तेच लिहिलंय."

"त्याला मी काय करू?" तो दुखावल्या सुरात म्हणाला. "केलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. गुरुवारी माई इथे येऊन मला वाटेल ते बोलून गेल्या. सव्वाअकराची वेळ. मी म्हटलं, अहो झालंय. तर म्हणाल्या, नवव्यांदा ऐकतेय!"

चाळणीबाईंना हसू आलं नाही. त्यांनी तिथूनच छापखान्याला फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या आणि पत्रकाची एक छापील प्रत मागवून घेतली.

चार वाजता साहेबांच्या खोलीत चौघं होती. माईंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"पेन खाली ठेवा," चाळणीबाई म्हणाल्या. "या कागदावरचं एक वाक्य खोटं आहे. टचपॅडने टिंब पुसलेलं नाही. तो बुधवारी संध्याकाळपासून बंद आहे."

"बंद? कुणी केला?" माईंनी विचारलं.

"तिकीट मास्तरने. नवव्या तिकिटावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं आणि कुणाचा विश्वास बसला नाही. वर पुठ्ठा होता, तुम्ही माउस वापरता, त्यामुळे तुम्हालाही कळलं नाही. म्हणजे गुरुवारी धक्का लागून काही घडणं शक्य नव्हतं. टिंब कुणीतरी हाताने पुसलं."

"तिकीट मास्तरच तर नव्हे?" साहेब म्हणाले. "तो शिरू शकतो."

"तो बुधवारी एकदाच शिरलाय आणि त्या वेळी टिंब घातलेलंच नव्हतं. पण त्याआधी मला एक सांगा, साहेब. चुकीचं पत्रक माईंच्या फाइलवरून छापलं, हे तुम्ही कशावरून धरलंत?"

"दोन्हीकडे पंचवीस आहे म्हणून!"

चाळणीबाईंनी टेबलावर तीन कागद ओळीने ठेवले. वाचनाचा कागद, माईंच्या अंतिम फाइलची प्रत आणि छापील पत्रक.

"सगळ्यांनी फक्त डोस पाहिला. बाटली पाहा. माईंनी गुरुवारी बाटली हलवायची ओळ वर नेली. अंतिम फाइलमध्ये ती वर आहे. छापील पत्रकात ती अजून तळाशीच आहे. फोन करणाऱ्या नर्सनेही ती शेवटची ओळ म्हणूनच वाचली. माईंनी हात लावण्याच्या आधीच्या कच्च्या फाइलवरून हे छापलंय."

साहेबांनी तिन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

"कच्ची फाइल बुधवारी चार वाजता छापखान्यात पोचली," चाळणीबाई पुढे म्हणाल्या. "उद्या दुपारी यंत्र रिकामं आहे, फाइल आत्ता द्या नाहीतर आठवडा थांबा, असं छापखान्याने सांगितलं आणि कुणीतरी न वाचलेली फाइल 'वाचून झालीय' म्हणून पाठवून दिली. छापखान्यात फाइल पाठवायचा अधिकार इथे दोघींनाच आहे. गुरुवारी माईंची फाइल आली तेव्हा छापखान्याने त्या दुसरीला विचारलं, काही बदल आहे का? तिने सांगितलं, नाही, तीच आहे, आधीचीच छापा."

भाची जमिनीकडे पाहत होती.

"वाचताना माईंनी टिंब पकडलं आणि तिला कळलं, आपण पाठवलंय त्यात पंचवीस आहे. कबूल करावं तर न वाचलेली फाइल पाठवली म्हणून नोकरी जाणार. एक ताकीद आधीच मिळालेली होती. माई खाली गेल्या. पुठ्ठ्यामागचा पासवर्ड तिनेच लिहिलेला. टिंब पुसलं, झालं. पुढेमागे दोन्ही फाइली कुणी पाहिल्या तर दोन्हीकडे पंचवीस. आणि टचपॅडच्या तक्रारी तर अख्ख्या ऑफिसला पाठ होत्या."

"मावशी..." भाची म्हणाली.

माईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "पाठवायच्या आधी मी पुन्हा वाचायला हवं होतं," त्या पुटपुटल्या. "पण तूच म्हणालीस, मावशी, वाचलंय ना आपण दोघींनी, पाठव आता."

"छापखान्याला एक फोन करायचा होता, इतकंच," चाळणीबाई भाचीला म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी छपाई सुरूसुद्धा झाली नव्हती."

"मला वाटलं, मावशीची दोनच वर्षं उरलीत," भाची रडत म्हणाली. "माझं सगळं आयुष्य पडलंय. आणि कुठल्या बाळाला काही झालं तर... मी तो विचारच केला नाही गं. खरंच नाही केला."

माईंनी आता मान वर केली. केसाने गळा कापला जातो म्हणतात तो कसा कापला जातो, ते त्यांना आज कळत होतं.

"काल संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस," त्या सावकाश म्हणाल्या. "मी दोन घास खावेत म्हणून भरवलंस मला. मी तुला म्हटलं, मला बाळांचे चेहरे दिसतात, मी जगू कशी. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू हा कागद लिहायला घेतलास."

भाचीने त्यांचे हात धरले. "मावशी, आईला सांगू नकोस. ती मरेल. नोकरी गेली तर जाऊ दे, पण आईला नको."

"मी नाही सांगणार," माईंनी हात सोडवून घेतले. पर्समधून आपला फोन काढला, बहिणीचा नंबर लावला आणि फोन भाचीच्या हातात दिला. "तू सांग."

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. जणू बहीण दिवसभर वाट पाहत बसली होती.

"माई? काय झालं गं?" पलीकडून आवाज आला. "सही करू नकोस हं. काही झालं तरी करू नकोस. तुझी भाची आहे ना जवळ? तिला सोडू नकोस, तीच एक आहे तुझी तिथे."

भाचीने फोन माईंपुढे धरला. माईंनी तो घेतला नाही.

"हॅलो? माई? बोल ना," बहीण विचारत राहिली.