नववा मजला, दोनदा

हे घडलेलं आहे. कुणाला थाप वाटली तर त्यानं खुशाल पुढं जावं, मी काही हात धरून बसवणार नाही.

आणि आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, स्मशान नाही, मध्यरात्रही नाही. भर उन्हात, साडेचारच्या सुमाराला झालेली गोष्ट आहे. गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. जागा नारायणगावजवळची, हायवेला लागून असलेली तेरा मजली इमारत. तिचं नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात.

ज्यांच्यावर बेतलं ती माझी मावसबहीण वृषाली आणि तिची मुलगी श्रेया. वृषाली पुण्यात लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर. भुताखेतांचं नाव काढलं की माझ्या तोंडावर हसायची. नवरा आदेश, मूळचा खोडदचा. श्रेया तेव्हा दुसरीत होती. राहायला नवव्या मजल्यावर.

इमारतीत लिफ्ट तीन, आणि भांडणं रोज. तिन्ही लिफ्ट एकदमच वर जायच्या, एकदमच खाली यायच्या. खाली गर्दी ताटकळत उभी. पिंपरी पेंढार गावाकडच्या बाया आणे गावाकडच्या बायांशी बोलेनाशा झाल्या, तेव्हा सोसायटीनं वृषालीला गळ घातली.

तिनं नवी पद्धत बसवून दिली. लिफ्टच्या बाहेर भिंतीवर एक स्क्रीन. आत शिरायच्या आधीच तिथं आपला मजला दाबायचा. मग स्क्रीन सांगणार, तुम्ही ए लिफ्टमध्ये जा, तुम्ही बी मध्ये. जवळच्या मजल्यांची माणसं एकत्र. थांबे कमी, वेळ कमी.

नियम एकच. जेवढी माणसं, तेवढ्या वेळा दाबायचं. नाहीतर मशीनला माणसं कळत नाहीत.

आणि एक गोष्ट... लिफ्टच्या आत मजल्यांची बटणंच नाहीत. एकदा दार लागलं की ती नेईल तिथं जायचं.

सगळे शिकले. एकटे कुशाबा शिकले नाहीत.

कुशाबा म्हणजे वृषालीचे शेजारी. आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातले, भात-नाचणी करण्यात जन्म गेलेला. मुलगा जानकू नोकरीला लागला, त्यानं फ्लॅट घेतला आणि आईबापाला इथं आणलं. म्हातारा दुपारभर गेटजवळच्या बाकावर बसायचा. श्रेयाची बस आली की तिच्याबरोबर वर जायचा. हातात काठी, काठीला खाली लोखंडी टोपण. फरशीवर आवाज यायचा.

टक्... टक्...

"पोरी, मला त्या काचंतलं काय कळत न्हाई. माझंबी तूच दाब," म्हणायचे. श्रेया नऊ दोनदा दाबायची. एक आपलं, एक आजोबांचं.

दिवाळीनंतर श्रेया थोडे दिवस आजोळी गेली. आता कुशाबांचं दाबणार कोण? ते एका दुपारी रंगाऱ्यांच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट थेट तेराव्यावर गेली. वरचे फ्लॅट विकले गेले नव्हते, रंगकाम चाललं होतं. रंगाऱ्यांनी डबे ठेवले आणि ते खाली गेले.

सगळे मजले दिसायला सारखेच. कुशाबा चालत गेले आणि नवव्यावर जिथं त्यांचं दार, तिथल्याच दाराशी थांबले. वाजवलं असेल. बायको, लंकाबाई, कुठं गेली असेल, येईल, असं वाटलं असेल. दाराला पाठ लावून बसले.

दिवे लागायच्या वेळेला सापडले. अंग गार पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वृषालीही सगळ्यांना तेच सांगायची. जरा जास्तच वेळा सांगायची.

दशक्रिया मीना नदीच्या काठी झाली. आमच्याकडं दशक्रिया म्हणजे प्रवचन आलं, माइक आला, पुढाऱ्यांची भाषणं आली. ज्यांनी कुशाबांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं त्यांनीसुद्धा त्यांच्या आठवणी सांगितल्या. मग पिंड ठेवला.

कावळा शिवेना.

झाडावर कावळे होते की. खाली उतरायचे, भाताजवळ चालत यायचे... आणि मागं फिरायचे.

जानकू हात जोडून पुढं झाला. "दादा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही. "डोंगरातलं वावर इकणार न्हाई." तरी नाही. लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. ऊन चढलं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेवढ्यात श्रेया वृषालीचा हात सोडून पुढं गेली.

"आजोबा, मी रोज तुमचं दाबीन," ती म्हणाली.

कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली.

बायका रडल्या. वृषालीलाही भरून आलं. लेकरानं माया केली, एवढंच तिला वाटलं. पोरीनं मेलेल्या माणसाला शब्द दिला, हे तिथं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मार्गशीर्षात तक्रारी सुरू झाल्या. दुपारी शाळेच्या बसच्या वेळी लिफ्टमध्ये जागा दिसते, तरी स्क्रीन म्हणते भरली, थांबा. वृषालीनं फोनवर मशीनचं कामकाज बघितलं. रोज एक माणूस जास्त मोजला जात होता.

तिला पहिला संशय वॉचमन सावळेरामचा आला. बसल्या बसल्या बोटं लावत असेल.

"ताई, मी त्या काचंला हातबी लावत न्हाई," तो म्हणाला. त्याला लागलं ते बोलणं.

मग संशय लंकाबाईंवर गेला. मग वरच्या मजल्यावरच्या पोरांवर. एका दुपारी वृषाली सुट्टी काढून खांबाआड जाऊन उभी राहिली.

बस आली. पोरं पळत आली, गेली. श्रेया मागं राहिली. तिनं नऊ दाबलं.

मग पुन्हा दाबलं.

लिफ्टचं दार उघडलं. श्रेया लगेच आत गेली नाही. ती बाजूला सरकली... आधी कुणाला तरी जाऊ दिल्यासारखी. मग स्वतः गेली.

वृषालीनं फोनवर लिफ्टमधलं वजन बघितलं. एका दुसरीतल्या पोरीचं ते वजन नव्हतं.

वजनाचा काटा बिघडलाय, तिनं मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतला.

काटा बरोबर होता.

संध्याकाळी तिनं श्रेयाला समोर बसवलं.

"उद्यापासून एकदाच दाबायचं."

"मग आजोबा वर कसे येतील?"

"बाळा, आजोबा देवाघरी गेले ना."

"नाही गं मम्मी. बाकावर असतात."

वृषाली घाबरली, आणि घाबरली की ती चिडते, लहानपणापासून तशीच आहे. पोरीला नाही नाही ते बोलली. पुन्हा दोनदा दाबलंस तर माझ्याशी गाठ आहे, म्हणाली. श्रेया रडून रडून झोपली. झोपेतही पुटपुटत होती, "पण मी त्यांना सांगितलंय..."

दुसऱ्या दिवशी वृषाली घरीच राहिली. बसच्या वेळेला नवव्या मजल्यावर लिफ्टसमोर येऊन उभी राहिली. फोन हातात होताच.

फोनवर दिसलं. नववा मजला. एकदा.

गुणाची गं माझी बाय, ती मनात म्हणाली.

लिफ्ट निघाली. दारावरचे आकडे पुढं सरकायला लागले. सात... आठ... नऊ...

थांबली नाही.

बंद दाराच्या पलीकडून लिफ्ट वर गेली. जाताना आतून आवाज आला.

टक्...

दहा. अकरा. बारा. तेरा.

तिथं थांबली.

वृषाली अनवाणी जिन्यानं पळाली. हाका मारत होती, वरून ओ येत नव्हती. तिला वाटलं, आपली पोर गेली. अगदी याच शब्दांत वाटलं, तिनं मला नंतर सांगितलं.

तेराव्यावर शुकशुकाट होता. रंगारी कधीच काम संपवून गेले होते. फरशीवर घासलेल्या भिंतींची पांढरी धूळ तेवढी पसरलेली.

त्याच दाराला पाठ लावून श्रेया बसली होती. दप्तर मांडीवर. रडत नव्हती.

"आजोबा म्हणाले, बस हितंच. कुनीतरी दाबंल."

तिचे हात इतके गार होते, की वृषालीनं आधी तिच्या छातीला कान लावला.

मग उचलून घेताना तिचं लक्ष धुळीकडं गेलं. लिफ्टपासून दारापर्यंत श्रेयाच्या बुटांचे ठसे होते. त्यांच्या शेजारून... रुपयाएवढे गोल ठसे. दारापर्यंत आलेले. परत गेलेले नव्हते.

कंपनीची माणसं दोन वेळा येऊन गेली. तेरावा मजला कुणी दाबला नव्हता. बिघाड कुठंच नव्हता.

त्यानंतर वृषाली घरून काम करू लागली. बसच्या वेळेला स्वतः खाली जायची. स्क्रीनवर नऊ दाबायची. एकदा स्वतःचं. एकदा श्रेयाचं. आणि मग, इकडंतिकडं न बघता, आणखी एकदा. दार उघडलं की मायलेकी बाजूला सरकायच्या. जागा असूनही मागं राहणाऱ्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. म्हातारा पोरीला सोबत करतोय, का सोबत न्यायला बसलाय, हेच तिला कळत नव्हतं. रात्री ती श्रेयाचे हात चाचपून बघायची. गार तर नाहीत ना.

शेवटी आदेश म्हणाला, बास झालं. खोडदला त्याच्या वडिलांचं दुमजली घर आहे. गच्चीवरून तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसतात. वर जायला जिना. लिफ्टचा संबंध नाही आणि दाबायचा प्रश्न नाही. फ्लॅट भाड्यानं दिला आणि निघायचं ठरलं.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला होतो. वृषाली आणि आदेश खाली टेम्पोपाशी होते. वर मी आणि श्रेया. लंकाबाई दाराशी आल्या.

"तुमी चालला पावणं," त्या मला म्हणाल्या. "आता त्यांचं कोन दाबनार?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

श्रेया बाहुली पिशवीत भरत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

"आजी, मी विचारलंय त्यांना. ते आमच्याकडंच येतायत. तिथं जिना आहे ना, दाबावं लागत नाही."

लंकाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं झालं बाई," म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

हे मी वृषालीला अजून सांगितलेलं नाही. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं होतं. माझी जीभ रेटली नाही.

खाली आलो. टेम्पो पुढं गेला होता. आदेशनं गाडी सुरू केली, वृषाली त्याच्या शेजारी बसली. मागच्या सीटवर श्रेया चढली आणि अंग चोरून अगदी खिडकीला चिकटून बसली.

"चल की भाऊ खोडदपर्यंत," आदेश म्हणाला. "मागं जागा आहे."

मी नको म्हणालो. स्टँडवर गेलो आणि एसटी धरली.