नदीकाठचा चौकोन

ऑफिसात त्याला सगळे उजेडराव म्हणत, आणि कामही तसंच होतं. उपग्रहाने रात्री टिपलेला उजेड चौकोनाचौकोनाने मोजायचा आणि कुठे धंदा बसला, कुठे माणसं देशोधडीला लागली ते सांगायचं. उजेड घटला तर नुकसान, नाही घटला तर सगळं आलबेल. मदत कुणाला द्यायची ते ह्याच आकड्यांवर ठरायचं.

गिरणी बंद पडली त्या महिन्यात नदीकाठच्या वस्तीचा उजेड तसूभरही घटला नव्हता. मदत नाकारली गेली. वस्तीच्या शाळेतल्या बाई अर्ज घेऊन आल्या.

"साहेब, वीज तोडून महिना झाला. तुमच्या कागदावर उजेड आला कुठून?"

"बाई, उपग्रह खोटं बोलत नाही," असं म्हणून त्याने चहा मागवला. स्वतःपुरता.

उपग्रह खोटं बोललाच नव्हता. वस्तीला लागूनच असलेलं गिरणीचं गोदाम आठ रात्री जळत होतं. महिन्याची सरासरी काढण्याआधी आगीच्या रात्री वगळायच्या, हे नवशिक्यालाही कळतं. हा विसरला. चूक ध्यानात आली तेव्हा बढतीचं पत्र हातात पडलं होतं. मग काय, बसला मूग गिळून! त्या हिवाळ्यात वस्तीत एकोणीस माणसं गेली. बाईही त्यांत होत्या.

पुढच्या नकाशात एकच चौकोन फिका पडला. त्याच्या घराचा. शेजारचे लखलखीत. त्याने तीनदा मोजून पाहिलं. घरी तर सगळे दिवे नीट चालू होते.

दुसऱ्या महिन्यात आकडा निम्म्यावर आला. त्याच संध्याकाळी सात वर्षांची लेक पुस्तक नाकाला लावून म्हणाली, "बाबा, मोठा दिवा लाव ना."

त्याने दुप्पट मोठा दिवा आणला.

"अहो, माझे डोळे दिपतात इथे," बायको म्हणाली. "हिला काय झालंय?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठणठणीत होते.

आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्याने चुकीची कबुली लिहून काढली. पत्र धाडायला बोट उचललं आणि थांबला. नोकरी जाईल, नाव जाईल. आणि मेलेल्यांना मदत देऊन उपयोग काय? केवढा निगरगट्ट माणूस! पत्र पुसून टाकलं.

तिसऱ्या महिन्याचा नकाशा सकाळी आला. आकडा शून्य.

तो धावत घरी पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. लेक भिंत चाचपडत होती. बटण सापडलं. तिने ते दाबलं, पुन्हा दाबलं.

"बाबा, लाईट गेली का?"



"हो," तो म्हणाला. "सगळ्यांचीच गेलीय."

"बरं झालं. मला वाटलं, माझीच."

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडलं. मागोमाग बायकोचा आवाज आला.

"अहो, मेणबत्ती कुठे ठेवलीय?"